गाडीच्या पोटातल्या खुर्च्या

घरात तिला सगळे खुडबुडी म्हणत. हे नाव आबांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, ती लहान असताना ठेवलेलं. घड्याळ, इस्त्री, शिवणयंत्र, जे हाताला लागेल ते ती उघडून बसायची, आणि बहुतेक वेळा परत जोडायचीही. मोठेपणी ती कवळ्या बनवायला लागली. दातांचे डॉक्टर मापं पाठवत आणि ती आपल्या छोट्याशा खोलीत दिव्याखाली बसून कुणाचे पुढचे चार दात, तर कुणाची अख्खी बत्तीशी घडवत असे. केसाइतकं इकडेतिकडे झालं की माणसाला घास चावता येत नाही. लहानपणची खुडबुड अशी पोटापाण्याला लागली होती.

आबांनी जन्मभर लांब पल्ल्याची बस चालवली. मणक्याने दगा दिला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की आता पाठीवर पडून राहायचं, डोक्याखाली उशांचा थोडा चढ चालेल, पण बसायचं म्हणून नाही. तेव्हापासून ते लेकीच्या घरी पुढच्या खोलीत, खिडकीशी लावलेल्या पलंगावर होते. कुरकुर करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांचं मागणं एकच होतं, की एकदा दादाला भेटायचंय.

दादा म्हणजे आबांचे थोरले भाऊ, घाटापलीकडच्या गावात मुला-सुनेकडे राहणारे. त्यांचे गुडघे गेलेले, त्यामुळे ते दिवसभर खुर्चीत. दोघा भावांत भांडण नव्हतं, रुसवा नव्हता, शरीरंच तेवढी आडवी आली होती. फोन होता, पण दोघांचेही कान यथातथाच. इकडून आबा विचारत, जेवलास का, आणि तिकडून काका सांगत, परवाच रंग दिला. पाच मिनिटं असा आरडाओरडा करून दोघं खुशीत फोन ठेवत. ठेवल्यावर मात्र आबा बराच वेळ भिंतीकडे बघत पडून राहत.

रुग्णवाहिका करून जाऊ, असं खुडबुडीने एकदा सुचवून पाहिलं. आबांनी ते उडवूनच लावलं. म्हणाले, चाळीस वर्षं मी त्या गाडीला वाट दिलीय. आता भोंगा वाजवत लोकांना बाजूला सारून मी काय भावाशी गप्पा मारायला जाऊ?

घरात गाडी होती. खुडबुडीचा नवरा पोहण्याचा मास्तर. पोरांना तलावावर ने-आण करण्यासाठी त्याने एक जुनी, ऐसपैस मोटार घेतली होती. ड्रायव्हरच्या मागे एक लांबलचक बाक, त्याच्या मागे आणखी एक. बाक काढले तर आबांना आडवं झोपता येईल इतकी जागा होती. पण मधला बाक म्हणजे निव्वळ धोंडा. एकदा दोघांनी मिळून तो काढायचा प्रयत्न केला. पाण्यात माशासारखा फिरणारा मास्तर जमिनीवर आठवडाभर वाकून चालत होता. शिवाय सकाळी पोरांसाठी बाक हवाच, म्हणजे रोज काढ आणि रोज बसव. मास्तरने हात टेकले.

असेच काही महिने गेले. मग एके दिवशी तलावावरून परतताना कुठल्याशा पोराने गाडीत सरबताची बाटली उलथी केली. चिकट पाणी गालिच्याखाली गेलं, मुंग्या लागल्या, तेव्हा मागचा बाक सरकवून खुडबुडी फडकं घेऊन आत शिरली. मधल्या बाकामागचा गालिचा तिने कडेपासून उचलला आणि ओल कुठवर गेलीय ते बघायला बोटाने ठोकत ठोकत पुढे सरकली. ठक, ठक, ठक. मग एकदम डब्ब.

ती थांबली. पुन्हा ठोकलं. पुन्हा डब्ब.

दात पोकळ आहे की भरीव हे आवाजावरून ओळखणारी बाई ती. तिने गालिचा आणखी सोलला. खाली पत्र्याऐवजी दाबून बसवलेला राखाडी फोमचा ठोकळा होता, चांगला हातभर लांब-रुंद. तो कडेने सैल करून वर ओढला, आणि ती तशीच गुडघ्यांवर बसून राहिली.

खाली खड्डा होता. खड्डा कसला, खोलीच म्हणायची. चारी कोपरे गोल, तळाला पन्हाळी, कोपरापर्यंत हात जाईल इतकी खोल. आणि आतला रंग. बाहेरून गाडीचा निळा रंग उन्हातान्हाने पार उडाला होता, पण आत तो कारखान्यातून निघाला त्या दिवशी जसा असेल तसाच होता, ओरखडा नाही, धूळ नाही. त्यावर कधी उजेडच पडला नव्हता. बाकाच्या दुसऱ्या टोकाशी तिने ठोकून पाहिलं. तिथेही तसाच दुसरा खड्डा निघाला.

तिने नवऱ्याला हाक मारली. तो ओलं डोकं पुसत आला, वाकून बघितलं, आणि टॉवेल खांद्यावर तसाच राहिला.

"हे आपल्या गाडीत होतं?" त्याने विचारलं.

"इतकी वर्षं आपण यावरच बसत होतो," ती म्हणाली.

दोन दिवस चौकशी केल्यावर कोडं उलगडलं. त्यांच्या गाडीचाच एक महागडा भाऊ होता. त्यात बाकाऐवजी दोन सुट्या खुर्च्या, आणि दोन्ही घडी होऊन जमिनीत गडप होणाऱ्या. कारखान्याला दोन वेगळे सांगाडे बनवणं परवडणारं नव्हतं. म्हणून खड्डे सगळ्यांनाच पाडले, आणि स्वस्त गाड्यांचे बुजवून टाकले. गाडी वर्षानुवर्षं पोटात दोन रिकाम्या जागा घेऊन फिरत होती, आणि ज्यांच्यासाठी त्या केल्या त्या खुर्च्या दुसऱ्याच कुणाच्या गाडीत होत्या.

आता तिला चैन पडेना. शहराबाहेर जुन्या गाड्या तोडण्याचं एक मोठं आवार होतं, तिथे ती जाऊन धडकली. आवाराची मालकीण धिप्पाड बाई होती, तिला सगळे मावशी म्हणत. खुडबुडीने काय हवंय ते सांगितल्यावर मावशींनी मान हलवली. तसली महागडी गाडी होती, पुढून चेपलेली, पण मागे धक्का नाही. पण त्यातल्या खुर्च्या द्यायचा त्यांचा विचार नव्हता, कारण दुपारची वामकुक्षी त्या तिथेच काढत. तरी दाखवते म्हणाल्या.

मावशींनी खुर्चीच्या बाजूची पट्टी ओढली. डोक्याची उशी आपसूक खाली पडली, पाठ पुढे झुकून बैठकीवर निजली. मग त्यांनी मागे हात घालून दुसरी पट्टी ओढली, आणि अख्खी खुर्ची कोलांटी खाऊन खड्ड्यात उतरली. वर झाकण पडलं. मावशी त्या झाकणावर उभ्या राहिल्या आणि दोनदा पाय आपटून दाखवला.

मग खुडबुडी पुढे झाली. तिने स्वतः झाकण उघडून खुर्ची वर ओढली. एवढं लोखंड आणि फोम, तिला वाटलं होतं खांदा निखळेल. पण आत कुठेतरी गुंडाळून बसलेली स्प्रिंग होती, आणि ती खुर्चीचं ओझं स्वतःच्या अंगावर घेत होती. खुर्ची तिच्या हाताबरोबर वर आली, झोपेतून उठवलेल्या लहान मुलासारखी, थोडी आपली आपण. तिने चार वेळा खाली घातली, चार वेळा वर काढली.

हे कशाला हवंय, असं मावशींनी विचारलं तेव्हा तिने आबांचं सांगितलं. मावशी आत जाऊन पाने घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "तूच काढ. माझ्या माणसांच्या हाती दिलं तर कापून आणतील." वामकुक्षीचं काय, असं खुडबुडीने विचारलं, तर आवारात बसायच्या जागांना तोटा नाही म्हणाल्या.

खरं काम पुढेच होतं. मधला बाक शेजारच्या चौघांना बोलावून एकदाचा बाहेर काढला. त्याला धरून ठेवणारे चार आकडे जमिनीत घट्ट बसले होते. गंजाने बोल्ट धरलेले. त्यांवर तेल सोडून ती रात्रभर थांबली, सकाळी पान्याला लांब नळी लावून ते सोडवले. शेवटचा आकडा बोल्टने नव्हे, वेल्डिंगच्या डागाने जोडलेला होता. तो कापावा लागला. कापण्याआधी ती गाडीखाली पाठीवर सरपटत गेली आणि पेट्रोलची टाकी, नळ्या, तारा कुठून जातात ते सगळं बघून आली. आबांची ताकीदच होती. खिडकीतून त्यांना गाडीची मागची बाजू दिसायची, आणि पलंगावरून त्यांचा कारभार चालायचा. दिसायचं नाही ते ऐकू यायचं. फोनवर भावाचं बोलणं न कळणाऱ्या त्या कानांना लोखंडाचा आवाज मात्र अचूक कळत असे.

नव्या खुर्च्या अडकवायला भोकं पाडावी लागतील म्हणून तिने ड्रिल आणून ठेवलं होतं. खड्ड्याच्या कडेला पुसून काढताना तिच्या बोटांना रबराची गोल टोपी लागली. नखाने उचकटली. खाली भोक होतं, आटे पाडलेलं, तेल लावलेलं. पुढे दुसरी टोपी, तिसरी, चौथी. तिने खुर्चीचा पाया त्यावर ठेवला, बोल्ट हाताने फिरवला, आणि तो लोण्यात सुरी जावी तसा आत गेला. कधी न पाहिलेल्या कुणीतरी, कुठल्यातरी कारखान्यात, कधीच न येणाऱ्या खुर्चीसाठी ही भोकं इतक्या निगुतीने पाडून, आटे पाडून, वर टोप्या लावून ठेवली होती. तिला त्या माणसाला हात जोडावेसे वाटले. ड्रिल तिने पेटीत परत ठेवून दिलं.

डावी खुर्ची पहिल्या झटक्यात बसली. उजवी बसेना. घडी नीट व्हायची, खड्ड्यात उतरायची, आणि चार बोटं वर अडकून राहायची. झाकण लागायचं नाही. मास्तरने त्यावर बसून पाहिलं, उड्या मारून पाहिल्या. आतून बघायला जागा नव्हती. खुर्ची खाली गेली की सगळं तिच्याखाली झाकलं जायचं. कुठे अडतंय ते कळावं कसं?

दोन दिवस ती त्या खुर्चीकडे नुसती बघत होती. तिसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाची कवळी तपासताना तिने नेहमीसारखा निळा कागद वरच्या आणि खालच्या दातांमध्ये धरला आणि दोन्ही जबडे मिटले. उंच दात असतो तिथे निळा ठिपका उमटतो, तेवढा घासायचा. तिने कवळी खाली ठेवली. मग कागदांची पेटी उचलून चपला न घालताच गाडीकडे गेली.

खड्ड्याला आतून तिने निळे कागद चिकटवले, कडेला, तळाला, सगळीकडे. आणि खुर्चीला म्हणाली, चाव. मास्तरने वरून दाबलं. खुर्ची वर काढली तर तिच्या पोटाखालच्या दांड्यावर एकच निळा ठिपका होता, करंगळीच्या नखाएवढा. त्याच्या समोर खड्ड्याच्या कडेला कापलेल्या आकड्याच्या डागाचा उंचवटा थोडा राहिला होता, सहज दिसूही नये एवढा. तिने कानशीने तो घासला, तिथे रंगाचा हात दिला, आणि वाळल्यावर पट्टी ओढली. खुर्ची आत गेली, झाकण पडलं, आणि वर सपाट जमीन तेवढी उरली.

मास्तर टाळी वाजवणार एवढ्यात खिडकीतून आबांचा आवाज आला.

"एकच कडी लागली. दुसरी राहिली."

तिने झाकण उघडून पाहिलं. खरंच, डावीकडची कडी अर्धवट होती. पुन्हा दाबली. या वेळी खट-खट असं दोनदा वाजलं, आणि खिडकीतून पुढे काही आलं नाही.

आबांसाठी तिने मजबूत फळी बनवली, त्यावर गादी, आणि फळीला पट्टे. पट्टे गाडीच्या मूळ बोल्टांना आवळलेले. आबांचे व्यायाम घेणाऱ्या बाईंनी स्वतः त्यावर झोपून पाहिलं. गाडी तपासणाऱ्या साहेबांनी प्रत्येक बोल्ट हलवून पाहिला, खुर्च्या तीनदा वरखाली केल्या, आणि कागदावर सही केल्यानंतर मजा म्हणून आणखी एकदा केल्या.

निघाले तेव्हा नुकतं उजाडलं होतं. मागचा बाक घरीच ठेवला होता, मधल्या दोन्ही खुर्च्या जमिनीत होत्या. उजवीकडे आबांची फळी. डोकं ड्रायव्हरकडे, पाय मागच्या दाराकडे. डावीकडे सपाट जागेवर जास्तीच्या उशा, पांघरुणं, औषधांची पिशवी. मास्तर गाडी चालवत होता आणि त्याच्या शेजारी बसलेली खुडबुडी दर दोन मिनिटांनी मागे वळून बघत होती.

घाट सुरू झाला तसे आबा गप्प झाले. एरवी मास्तरने गिअर बदलला की त्यांची काही ना काही सूचना यायचीच. दोन वळणं गेली, चार गेली, तरी शब्द नाही.  खुडबुडीने मागे वाकून विचारलं, दुखतंय का, गाडी थांबवू का?

आबांनी डोळे मागच्या काचेवरून हलवले नाहीत. "या घाटातून मी किती वेळा गेलो असेन, मोजदाद नाही," ते म्हणाले. "पण रस्ता नेहमी अंगावर येताना बघितला. तो मागे जाताना कसा दिसतो, हे आजच बघतोय गं."

तिने वळून काचेतून पाहिलं. वळण त्यांच्यामागे उलगडत होतं, दरीवरचं धुकं रस्त्यावर परत बसत होतं, आणि त्यांनी ओलांडलेला प्रत्येक डोंगर हळूहळू उभा राहत होता, आधीपेक्षा मोठा. आबा लहान मुलासारखे बघत होते.  मास्तरने, न सांगता, वेग कमी केला.

काकांचं घर पायऱ्यांवर होतं. आबांना वर नेणं शक्य नव्हतं, तेव्हा काकांनाच खाली आणायचं ठरलं. त्यांचा मुलगा आणि मास्तर अशा दोघांनी त्यांना खुर्चीसकट उचलून आणलं. खुडबुडीने तोवर गाडीतलं सामान उतरवून बाजूचं दार सरकवून ठेवलं होतं. काका दारापाशी आले आणि दोन भाऊ एकमेकांना दिसले.  मग काका म्हणाले, "बारक्या, पांढरा झालास." आबा म्हणाले, "तू तर टकला झालास, दादा." इतक्या जवळून दोघांनाही सगळं ऐकू येत होतं.

आत कुठे बसू, असं काकांनी विचारलं. आबांच्या शेजारी मोकळी जमीन होती, दुसरं काही नाही. सुनेने घरातून स्टूल आणते म्हटलं. खुडबुडीने तिला थांबवलं. झाकण उघडलं, पट्टी धरली, आणि जमिनीतून खुर्ची वर काढली. पाठ उभी राहिली, उशी जागेवर बसली, खट-खट.

काकांनी आधी खुर्चीकडे पाहिलं, मग गाडीच्या खाली वाकून पाहिलं, मग पुतणीकडे. त्यांचे डोळे मोठे झाले होते.

"अजून काय काय आहे खाली?" त्यांनी हळूच विचारलं.

आबा इतके हसले की त्यांचे पट्टे सैल करावे लागले. मग म्हणाले, "आमच्या खुडबुडीने बसवलीय. एकटीने. मी ऐकत होतो सगळं."

काकांना धरून खुर्चीत बसवलं. गुडघ्यांना पुरेशी जागा होती. त्यांनी हात खाली सोडला आणि तो आबांच्या हाताला लागला. मग तो तिथेच राहिला. दुपारपर्यंत दोघं तसेच होते. जेवणाची ताटं गाडीतच आली. कुठल्याशा नदीत दोघांनी बुडवलेली एक सायकल, आईचा मार, मेलेले मित्र, जिवंत मित्र, सगळं निघालं. मुलगा आणि सून पायरीवर बसून ऐकत होती. त्यांनीही यातलं निम्मं पहिल्यांदाच ऐकलं.

निघायची वेळ झाली तेव्हा सून काकांना उतरवायला आली. काकांनी खुर्चीचा पट्टा हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला, आणि आपल्या हाताने लावला.

"माझी औषधं आणि दोन सदरे आण," ते सुनेला म्हणाले. "मी जातोय बारक्याकडे."

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने खुडबुडीकडे. खुडबुडीने मान डोलावली. मास्तर म्हणाला, आमच्याकडे पुढच्या खोलीत आणखी एक पलंग सहज मावेल. मग पळापळ झाली. औषधं, सदरे, चष्मा, काठी. काकांची चाकांची खुर्ची मागे नीट बांधली, आणि सून शेवटच्या क्षणी एक शालही आत टाकून गेली.

परत घाट लागला तेव्हा ऊन उतरणीला आलं होतं. काका पुढे तोंड करून बसले होते, आबा मागे बघत पडले होते. खुडबुडी पुढे बसून ऐकत होती. तिचे हात मांडीवर होते, नखांत अजून थोडा निळा रंग होता, आणि मागे जे चाललं होतं त्यातलं आपण किती केलं आणि किती आधीच तिथे होतं, हे तिला नीटसं सांगता आलं नसतं.

"काय येतंय, दादा?" आबांनी विचारलं.

"पूल," काका म्हणाले. "लहानसा. खाली पाणी आहे. कुणीतरी म्हशी धुतंय."

चाकांचा आवाज क्षणभर बदलला, मग पुन्हा पहिल्यासारखा झाला.

"हो," आबा म्हणाले. "दिसला. तीन आहेत म्हशी. एक वर बघतेय."